'थ्रिलर' (१९६०-६२): बोरिस कार्लॉफनं सांगितलेल्या भयकथा, आणि त्यातला नगरचा धागा

भुईकोट
रविवार, रात्री ११:१०

मंडळी, गेले सव्वादोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की दिवे घालवून एक भाग, असं करत एक जुनी अमेरिकन मालिका पाहून संपवली. सदुसष्ट भाग. काल शेवटचा झाला. आज रात्री त्या वेळेला काय करावं सुचेना, म्हणून हा धागा काढतोय.

मालिकेचं नाव 'थ्रिलर'. एनबीसी वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६० ते ३० एप्रिल १९६२ असे तिचे दोन हंगाम झाले. कृष्णधवल, भाग तासाभराचा, दर आठवड्याला नवी गोष्ट आणि नवी माणसं. कायमचा माणूस एकच, बोरिस कार्लॉफ. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये जो राक्षस झाला होता तोच. 'थ्रिलर' सुरू झाली तेव्हा त्याचं वय बहात्तर होतं.

पद्धत अशी. आधी गोष्टीतला एखादा प्रसंग घडतो. काहीतरी वाईट होणार हे आपल्याला कळतं, आणि नेमक्या त्या क्षणी कार्लॉफ समोर येतो. पुष्कळदा त्याच जागेत उभा असतो, अंगात व्यवस्थित सूट, पांढरे केस, किंचित वाकलेला. आवाज मऊ, 'स'चा उच्चार थोडा बोबडा. आज कुणाची गोष्ट आहे ते सांगतो, कलाकारांची नावं एकेक करून घेतो, आपल्या स्वतःच्या नावाची ग्वाही देऊन हे थ्रिलर आहे असं बजावतो आणि बाजूला होतो. मग आपण एकटे.

मला धरून ठेवलं ते या सांगण्यानं. माझी आजी पाथर्डीकडची. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्या की ती गोष्ट सांगायची, पण आधी एकदा सगळ्यांकडे बघून म्हणायची, "भ्या वाटत असंल त्यानं आत्ताच आत जाऊन निजावं." कुणी उठत नसे. एवढं म्हटल्यावर गोष्टीत वेताळ आला काय, न आला काय, आमचं अर्धं काम तिथंच झालेलं असायचं. कार्लॉफ तेच करतो. तो दचकवत नाही, आधी विचारून घेतो. आणि विचारणारा माणूस घरातल्या मोठ्यांसारखा प्रेमळ वाटतो, म्हणून आपण बसून राहतो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडन. पण त्याची आई एलायझा सारा मिलर्ड हिचा जन्म हिंदुस्थानातला, १८४८चा, आणि लग्न सुरतेला झालं. तिची सख्खी मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजा मोंगकुटच्या वाड्यात १८६२ पासून त्याच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी, जिच्यावर पुढे 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक निघालं, तीच ही अ‍ॅना. ती १८३१ साली अहमदनगरला जन्मली. वडील थॉमस एडवर्ड्स, कंपनी सरकारच्या सॅपर्स अँड मायनर्स या खंदक-सुरुंगवाल्या पलटणीत सार्जंट. मुलीचा जन्म व्हायच्या आधीच ते वारले. अ‍ॅनाचं लग्न पुण्याला, १८४९च्या नाताळच्या दिवशी. तिची बहीण एलायझा ज्युलिया ही कार्लॉफच्या आईची आई.

म्हणजे फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या आजीची बहीण आमच्या नगरची. मी भिंगारच्या कॅम्पातून सायकलवर शाळेत जायचो. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर त्या रस्त्याकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहिलं असतं.

कुणी पाहिली आहे का ही मालिका? कोणते भाग लक्षात राहिले? मनापासून ऐकायचं आहे.


रातकिडा
रविवार, रात्री ११:३२

वा, भुईकोट! नगरचं वाचून चाटच पडलो. एक शंका: मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' गाण्यात शेवटी जो म्हातारा घोगऱ्या आवाजात बोलतो आणि हसतो, तो हाच कार्लॉफ ना? मी तरी इतकी वर्षं तसंच समजत होतो.


एडिसनकर
रविवार, रात्री ११:५०

रातकिडा, नाही. तो व्हिन्सेंट प्राइस. जॅक्सनचं गाणं १९८२चं आणि कार्लॉफ गेला २ फेब्रुवारी १९६९ला. पण गोंधळ होणं साहजिक आहे, दोघांनी एकत्र कामंही केली आहेत. कार्लॉफचा आवाज ऐकायचा तर १९६६चं 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' हे कार्टून घ्या. त्यातला निवेदक आणि ग्रिंच दोन्ही तोच. माझ्या मुली दर नाताळात पाहतात, त्यांना तो 'ग्रिंचवाले आजोबा' म्हणूनच माहीत आहे.

भुईकोट, धाग्याबद्दल आभार. मी 'थ्रिलर' २०११ साली पाहिली. त्याच्या आदल्या वर्षी चौदा डिस्कचा पूर्ण संच निघाला होता आणि आमच्या गावच्या वाचनालयानं तो घेतला होता. बर्फानं तीन दिवस रस्ते बंद होते, बायको-मुली भारतात, आणि मी त्या संचासोबत घरात. आयुष्यातले फार चांगले तीन दिवस.

एक मात्र सांगतो, नव्यानं पाहणाऱ्यांनी पहिल्यापासून ओळीनं पाहू नये. सुरुवातीचे भाग भयकथा नाहीतच. लेस्ली नील्सनचा पहिला भाग 'द ट्विस्टेड इमेज' हे गुन्हेगारी नाट्य आहे, आणि पुढचे काही भागही त्याच वळणाचे. मालिका काढणाऱ्या हबेल रॉबिन्सनचा तेव्हा काहीच ठरलेला सूर नव्हता. पहिला निर्माता फ्लेचर मार्कल थोड्याच भागांनंतर गेला. त्याच्या जागी दोघे आले: मॅक्सवेल शेनकडे गुन्हेकथा आणि विल्यम फ्राय याच्याकडे भयकथा. आज आपण ज्या मालिकेबद्दल बोलतोय ती फ्रायची. 'वीअर्ड टेल्स' या जुन्या मासिकातल्या कथा त्यानं शोधून काढल्या, रॉबर्ट ब्लॉकसारख्या लेखकाला धरलं आणि सगळं पालटलं.

बदलाची चाहूल सातव्या भागात लागते, 'द पर्पल रूम'. त्यातलं घर पाहताना पोटात खड्डा पडतो, कारण ते हिचकॉकच्या 'सायको'तलं घर आहे. तेच, टेकडीवरचं. 'सायको' त्याच वर्षी आला होता आणि सेट युनिव्हर्सलच्या आवारात उभाच होता.


अबोली
सोमवार, सकाळी ९:०५

मी 'थ्रिलर'चे पंधराएक भाग पाहिले आहेत आणि माझं मत थोडं वेगळं आहे. भुईकोटदादा, तुमच्या आजीचं उदाहरण फार गोड आहे, पण आजी पुढची गोष्टही स्वतःच सांगत होती ना? कार्लॉफ गोष्टीच्या ऐन भरात मध्ये येतो आणि बांधलेला ताण सुटतो, असं मला दर वेळी वाटलं. 'ट्वायलाइट झोन' या मालिकेत निवेदक रॉड सर्लिंग दोन वाक्यं बोलतो आणि निघतो. शिवाय तिथं बहुतेक गोष्टी अर्ध्या तासात संपतात. 'थ्रिलर'च्या तासाभरातली वीस मिनिटं लोक नुसते जिने चढताना दिसतात.

पण 'पिजन्स फ्रॉम हेल'बद्दल माझी काही तक्रार नाही. त्या भागासाठी सगळं माफ. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट न सांगता लिहिते. अमेरिकेच्या दक्षिणेतला दलदलीचा भाग. दोन भावांची गाडी चिखलात रुतते. जवळच एक ओसाड वाडा, आणि वाड्यासमोर पारवे. खूप पारवे. भाऊ रात्रीपुरता आसरा घेतात. मध्यरात्री एकाला वरच्या मजल्यावरून बाईच्या आवाजातलं काहीतरी गुणगुणणं ऐकू येतं आणि तो झोपेत चालल्यासारखा जिना चढून जातो. पुढे जे होतं ते मी आईच्या शेजारी बसून पाहिलं आणि आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही.

कंदिलाचा प्रसंग तर विसरताच येत नाही. शेरीफ त्या धाकट्याला घेऊन परत वाड्यात येतो. वरच्या मजल्यावर पोचलं की हातातला दिवा आपोआप मंदावतो आणि विझतो. मागे फिरलं की पेटतो. बस, एवढंच. ना वारा, ना किंकाळी.

मूळ कथा रॉबर्ट हॉवर्डची, त्याच्या मृत्यूनंतर १९३८ला छापली गेली. ती वाचाल तर भुताच्या मागे काय आहे ते जास्त कळतं. ते घर गुलामांच्या कष्टावर उभं राहिलेलं, आणि कथेत मालकिणीनं मोलकरणीला मारलेल्या चाबकांचा हिशोब आहे. आपल्याकडच्या वाड्यांच्या गोष्टींत विहिरीत जीव दिलेली सून असते, तसंच. भूत होण्याआधी तिच्यावर काय गुदरलं होतं, हे गोष्ट सांगणारी बाई नेमकं आवाज खाली आणून सांगते.


भुईकोट
सोमवार, दुपारी १:१५

अबोली, 'पिजन्स'बद्दल अगदी मनातलं लिहिलंत. विहिरीतल्या सुनेचं वाचून थांबलो, कारण आजीच्या गोष्टीतही ती होती.

जिने चढण्याबद्दल मात्र मी भांडणार. तुम्ही म्हणता ती वीस मिनिटंच मला हवी असतात. अंधारात माणूस जिना चढतोय, आपल्याला माहीत आहे की वर काहीतरी आहे, आणि दिग्दर्शकाला अजिबात घाई नाही. आत्ताच्या मालिकांत दर दोन मिनिटांनी ढाण्णकन आवाज होतो. तो आवाज येऊन गेला की माणूस सुटतो. इथं सुटका नाही.

आणि कार्लॉफ मध्ये येऊन ताण सोडतो, हे खरं आहे. पण मला वाटतं तो मुद्दामच सोडतो. विहिरीतून पाणी काढताना रहाट जरा सैल सोडला तरच बादली खोल बुडते.


शिंप्याचा पोर
सोमवार, रात्री १०:२०

पहिल्यांदाच इथं लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

माझे वडील सांगलीत शिवणकाम करायचे. दोन मशीन, एक काज-बटणवाला, आणि दुकानात मागच्या बाजूला एक जुना पुतळा, कोट चढवून बघायला. त्याच्या मानेजवळचा रंग उडाला होता. संध्याकाळी वडील मला दुकान झाडायला ठेवून चहाला जायचे. तेव्हा मी त्या पुतळ्याकडे पाठ करून कधी उभा राहिलो नाही.

मागच्या वर्षी कुणीतरी 'द वीअर्ड टेलर' या भागाची लिंक पाठवली. नाव बघून उघडली. गोष्ट रॉबर्ट ब्लॉकची. एका श्रीमंत माणसाचा मुलगा, बापाच्याच मंत्रतंत्राच्या खेळात, मरतो. बाप एका दरिद्री शिंप्याकडे कसलंसं चमकणारं कापड घेऊन येतो. म्हणतो, याचा सूट शिव, पण मी सांगेन त्याच तासांना सुई चालली पाहिजे, एरवी नाही. शिंपी कर्जात बुडालेला, बायकोला मारणारा. बायको बिचारी दुकानातल्या डोकं फुटलेल्या पुतळ्याशी बोलते. तिला बोलायला दुसरं कुणी नाही.

मला भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. बेताल वेळेला आलेलं गिऱ्हाईक, जास्तीचे पैसे कबूल करणारं, आणि त्याला नाही म्हणायची ऐपत नसलेला कारागीर. लग्नसराईत वडील रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे. कच्चे टाके घालताना त्यांचे डोळे मिटायचे आणि आई शेजारी जागी बसून सुया ओवून द्यायची. आमच्या घरात मारहाण नव्हती, देवाची कृपा. पण त्या बाईचं पुतळ्याशी बोलणं मला खरं वाटलं. आईही दुकानात एकटी असली की मशीनशी बोलायची. "चल ग बाई, एवढी बाही होऊ दे." असं.

हीच गोष्ट पुढे १९७२च्या 'असायलम' या इंग्रजी सिनेमातही घेतली आहे. ती रंगीत आहे. मला काळी-पांढरीच आवडली. कापड चमकतंय हे रंगाशिवाय दाखवलंय, आणि ते जमलंय.


अबोली
सोमवार, रात्री १०:४५

शिंप्याचा पोर, तुम्ही अजून लिहा. तुमच्या आईचं ते वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं.


जुनी चाळ
मंगळवार, सकाळी ७:५०

सुंदर चर्चा. वय झालेल्या सभासदाचे दोन शब्द. आमच्या चाळीत १९९३ साली केबल आली आणि त्याच वर्षी झीवर रॅमसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. नंतर १९९५ला सोनीवर 'आहट'. पोरं एका खोलीत पंधरा-पंधरा जमायची आणि कार्यक्रम संपल्यावर सार्वजनिक संडासाकडे एकटं जायला कुणी तयार नसे, बायकामाणसं कंदील घेऊन सोबत जायची. रत्नाकर मतकरींची 'गहिरे पाणी' आली तेव्हा मात्र मोठी माणसंही शेजारी बसली. त्यात भूत कमी आणि माणूस जास्त होता.

या सगळ्यांची पद्धत, दर भागाला नवी गोष्ट, तीच आहे जी भुईकोट सांगतात. आमच्याकडे निवेदक नव्हता एवढंच. तो असता तर चाळीतली लहान पोरं कमी घाबरली असती की जास्त, याचा विचार करतोय.


रातकिडा
मंगळवार, सकाळी ८:३०

जुनी चाळ काका, जास्त! नक्की जास्त. आमच्याकडे निवेदक माझा मोठा भाऊ होता.


कंदील
मंगळवार, दुपारी ३:४०

भुईकोट, शंका घ्यायची म्हणून नाही, पण अ‍ॅना लिओनोवेन्सचं विचारते. मी कुठंतरी वाचलं होतं की ती वेल्समध्ये जन्मली. कोणतं खरं?


भुईकोट
मंगळवार, रात्री ९:१५

कंदील, चांगलं विचारलंत, कारण तुम्ही वाचलंत ते तिनं स्वतःच सांगितलेलं आहे. जन्म वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, १८३४चा, घराणं चांगलं, असं ती जन्मभर सांगत राहिली. मुलं, नातवंडं तेच धरून चालली. तिच्यावरचे सिनेमे आले, गाणी झाली, सगळे तेच सांगत होते.

ते उकललं १९७०च्या दशकात. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज अभ्यासक तिच्या मुलाचं, लुईचं, चरित्र लिहीत होते. त्यांनी तिचा जन्म इंग्लंड-वेल्सकडच्या नोंदींत शोधला, सापडला नाही. शोध घेत घेत ते हिंदुस्थानातल्या कागदांपर्यंत पोचले आणि सार्जंट एडवर्ड्सची मुलगी सापडली. हे ब्रिस्टो मूळचे कोळ्यांचे, म्हणजे आठ पायांच्या कोळ्यांचे तज्ज्ञ. जाळ्यातला एकेक धागा बघायची सवय असलेला माणूस, म्हणूनच त्यांना ते दिसलं असेल.

तिनं का लपवलं? तिची आई मेरी अ‍ॅन ग्लॅस्कॉट ही मिश्र रक्ताची असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. छावणीत जन्मलेली, साध्या सार्जंटची पोर, त्यात अंगात थोडं हिंदुस्थानी रक्त. त्या काळच्या गोऱ्या समाजात अशा बाईला राजवाड्यात शिक्षिका म्हणून कोण बोलावणार? नवरा पेनांगला वारला, पदरात दोन मुलं. तिनं नवा जन्म रचला आणि तो निभावला. मला तिच्याबद्दल आदरच वाटतो. दुःख एवढंच की नगर पुसून टाकावं लागलं.

कार्लॉफकडे हे रक्त उतरलं तसं सावळेपणही. मूकपटांच्या काळात हॉलिवूडनं त्याला अरब, हिंदुस्थानी असल्याच भूमिका दिल्या. त्याचे दोन मोठे भाऊ आयसीएस होऊन आपल्या मुंबई इलाख्यात नोकरीला होते, आणि हा धाकटा १९०९ला कॅनडाला निघून गेला, नाव बदललं, फिरत्या नाटक कंपन्यांत राबला, ट्रकवर काम केलं. 'फ्रँकेन्स्टाइन' मिळाला तेव्हा चव्वेचाळिसावं लागत होतं. सिनेनटांच्या संघटनेच्या, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डच्या, १९३३च्या पहिल्या सभासदांत तो आहे. राक्षस व्हायला जॅक पिअर्सच्या रंगभूषेत तासन्‌तास बसलेल्या माणसाला कामाच्या तासांचं महत्त्व कुणी शिकवायला नको.


एडिसनकर
मंगळवार, रात्री १०:०५

भुईकोट, ही माहिती इतकी वर्षं माझ्याजवळ नव्हती. धन्यवाद.

कार्लॉफ 'थ्रिलर'मध्ये पाच भागांत स्वतः भूमिकाही करतो. त्यातला 'द इन्क्रेडिबल डॉक्टर मार्केसन' (२६ फेब्रुवारी १९६२) पाहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. पैसे संपलेलं एक तरुण जोडपं काकांकडे राहायला येतं. काका विद्यापीठातले जुने प्राध्यापक. घर धुळीनं भरलेलं. काका म्हणजे कार्लॉफ, चेहरा माती फासल्यासारखा, चालणं ताठ, बोलणं अगदी सभ्य. अट एकच: रात्री खोलीबाहेर यायचं नाही, आणि दाराला बाहेरून कुलूप. रात्री खालून आवाज येतात. कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतंय. पुढचं सांगत नाही. शेवटच्या दृश्यानंतर मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसलो.

हा भाग रॉबर्ट फ्लोरीनं दिग्दर्शित केला आहे. १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन' आधी फ्लोरीच करणार होता, बेला लुगोसी या नटाला घेऊन चाचणीचं चित्रीकरणही झालं होतं. मग स्टुडिओनं चित्रपट जेम्स व्हेलला दिला आणि राक्षस कार्लॉफकडे आला. एकतीस वर्षांनी फ्लोरी आणि कार्लॉफ एका अंधाऱ्या घरात मेलेल्यांना उठवायची गोष्ट करतात. भाग पाहताना हे माहीत असेल तर छातीत काहीतरी हलतं.

संगीताचंही सांगायला हवं. सुरुवातीचं पीट रुगोलोचं, जॅझ वळणाचं. भयकथा आल्या तसे जेरी गोल्डस्मिथ आणि मॉर्टन स्टीव्हन्स आले. गोल्डस्मिथला पुढे 'द ओमेन'साठी ऑस्कर मिळालं, पण त्याचा हात इथंच बसलेला दिसतो. व्हायोलिनची एकच तार ताणून धरायची आणि सोडायचीच नाही.


कंदील
बुधवार, सकाळी १०:३०

मी काल रात्री भुईकोटांचा धागा वाचून माझा पहिला भाग पाहिला, 'द चीटर्स'. पहिल्याच दिवशी एवढा चांगला लागेल असं वाटलं नव्हतं.

गोष्ट चष्म्याची आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका चष्मेवाल्यानं तो बनवला, आतल्या बाजूला 'सत्य' अशा अर्थाचा लॅटिन शब्द कोरला. तो लावून आरशात पाहिलं आणि जीव दिला. मग तो चष्मा भंगारवाल्याकडे येतो, तिथून एका म्हातारीकडे, मग तिच्या भाच्याकडे. जो लावेल त्याला समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं. आणि ऐकू येतं ते कधीच चांगलं नसतं.

मी शाळेत शिक्षिका आहे. पालकसभेत बसले असताना कितीदा वाटतं की समोरच्याच्या मनात काय आहे ते कळावं. काल रात्रीनंतर नाही वाटणार. शेवटी चष्मा एका लेखकाच्या हाती येतो, आणि तो जाणूनबुजून, सगळं माहीत असूनही, चष्मा लावून आरशासमोर बसतो तेव्हा मी पडद्याकडे बघत "नको रे, नको" म्हणत होते. यजमान आतून विचारायला आले की कोण आलंय.

आणि अबोली, मला तरी कार्लॉफचं मध्ये येणं आवडलं. त्याच्या हातात तो चष्मा होता आणि तो इतक्या हळुवारपणे बोलत होता, जणू काही माझ्याच डोळ्यांवर चढवणार आहे.


अबोली
बुधवार, दुपारी १२:१०

कंदीलताई, ठीक आहे, एका मतानं मी हरले. 'चीटर्स' पुन्हा पाहते आणि या वेळी कार्लॉफकडे नीट लक्ष देते.

आरशांवरून आठवलं, 'द हंग्री ग्लास' पाहिलात का? तोही ब्लॉकच्याच कथेवर आहे. विल्यम शॅटनर, 'स्टार ट्रेक'च्या पाच वर्षं आधीचा, बायकोसह समुद्रकाठचं जुनं घर विकत घेतो. घरात एकही आरसा नाही. मग माळ्यावरची कुलूपबंद खोली उघडते. आमच्याकडे कुणी गेलं की आरशावर कापड टाकायची पद्धत होती. का टाकतात ते लहानपणी विचारलं तर "विचारू नये" एवढंच उत्तर. तो भाग पाहिल्यावर मी उठून बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला. खरंच टाकला.


जुनी चाळ
बुधवार, सायंकाळी ६:२५

इतकी चांगली मालिका दोनच वर्षांत का बंद झाली?


एडिसनकर
बुधवार, रात्री ८:००

काका, पहिल्या वर्षी दर मंगळवारी रात्री साडेआठला एनबीसीवर हिचकॉकचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे आणि लगेच नऊला 'थ्रिलर'. दोन्ही एकाच स्टुडिओत बनत. दुसऱ्या वर्षी 'थ्रिलर' सोमवारी रात्री दहाला ढकलली. १९६२च्या शरदात हिचकॉकचा कार्यक्रम तासाभराचा झाला, आणि त्याच वर्षी 'थ्रिलर' थांबली. एका छपराखाली तासाभराच्या दोन रहस्यमालिका, त्यातली एक हिचकॉकची. दुसरीला जागा उरली नाही असं मला वाटतं.

स्टीफन किंगनं पुढे १९८१च्या आपल्या पुस्तकात 'थ्रिलर' ही टीव्हीवरची बहुधा सर्वांत चांगली भयमालिका असल्याचं लिहिलं. तोवर ती बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती.


शिंप्याचा पोर
बुधवार, रात्री ९:४०

एक सुचवू का? आपण सगळे एकाच वेळी एक भाग पाहिला तर? मी एकटा पाहतो, घरी कुणाला आवडत नाही.


भुईकोट
बुधवार, रात्री ९:५५

उत्तम कल्पना. शनिवारी रात्री साडेनऊ. 'द ग्रिम रीपर' घेऊ या, ब्लॉकचीच पटकथा आहे. भिंतीवर मृत्यूचं चित्र, त्याच्या हातात कोयता, आणि त्या चित्राचा मालक मरायच्या आधी कोयत्यावर रक्त दिसतं. एवढंच आत्ता सांगतो. पाहून झालं की प्रत्येकानं इथं लगेच लिहायचं, आवरून-सावरून नको.


एडिसनकर
बुधवार, रात्री १०:१०

माझ्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतील. पडदे ओढून घेतो. धाकटीला ग्रिंचवाल्या आजोबांना भेटायचंय, तिला पहिली पाच मिनिटं, ते बोलेपर्यंत, शेजारी बसवतो. मग खाली पाठवीन.


जुनी चाळ
गुरुवार, सकाळी ६:४५

मी येतो. नातवाला सांगून लावून घेईन. भुईकोट, सुरू व्हायच्या आधी तुमच्या आजीचं ते वाक्य तेवढं इथं टाका.